सनद हाती आली म्हणजे हक्क मिळाला का? खानदेशच्या कागदांतून साम्राज्यांकडे पाहताना

थाळनेरवाट (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेल्या दिवाळीत शिरपूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना पत्र्याच्या पेटीत, तांबड्या फडक्यात बांधलेला कागदांचा एक रुमाल हाती लागला. आत मोडीतले पाच कागद होते. त्यांपैकी दोन वाळवीने खाल्ले आहेत, तीन शाबूत आहेत. मला मोडी येत नाही, म्हणून धुळ्याच्या एका जाणकारांकडून ते वाचून घेतले. तिन्ही कागद आमच्या पाटीलकीच्या वतनाचे निघाले. पहिला पेशवाईतला, दुसरा होळकरांच्या कमाविसदाराचा (वसुली अधिकाऱ्याचा) आणि तिसरा कंपनी सरकारच्या अमलातला आहे. राज्य दोनदा बदलले, पण मजकूर जवळपास तोच राहिला: वतन पूर्वापार तुमच्याकडे चालत आले आहे, ते पुढेही तुमच्याकडे चालवावे आणि तुम्ही सरकारचाकरी एकनिष्ठपणे करावी. पहिल्या दोन कागदांत नजराण्याची रक्कम आहे. तिसऱ्यात ती नाही, पण सरकारची मर्जी असेपर्यंत, अशा अर्थाचे शब्द आहेत.

तो रुमाल पुन्हा बांधत असताना एक प्रश्न मनात आला आणि तो अजून जात नाही. वतन जर पूर्वापार आमचे होते, तर प्रत्येक नव्या धन्याला ते आम्हाला नव्याने का द्यावे लागले? आणि जे पुन्हा पुन्हा द्यावे लागते, ते खरोखर आमचे होते काय?

साम्राज्यांनी जिंकलेल्या लोकांना कसे वागवले याची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच टोकांवर होते. एकतर सगळी साम्राज्ये सारखीच क्रूर होती असे म्हटले जाते, नाहीतर अमुक राजवट उदार आणि तमुक जुलमी अशी वर्गवारी होते. मला तिसरी गोष्ट मांडायची आहे. उदार साम्राज्येही जिंकलेल्यांना हक्क देत नसत, ती सवलत देत असत. सवलत पुष्कळदा मोठी असे, मनापासून दिलेलीही असे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतही असे. पण तिचा उगम देणाऱ्याच्या इच्छेत असल्यामुळे ती परत घेण्याचा दरवाजा नेहमी उघडा राही. अकबराने १५६४ मध्ये जिझिया उठवला आणि १६७९ मध्ये त्याच्याच पणतूने तो पुन्हा बसवला. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत ज्यांनी तो कर दिला नाही, त्यांच्याकडे तो न देण्याचा हक्क आला होता, असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही.

आता आमच्या गावाजवळचीच गोष्ट सांगतो. थाळनेरचा किल्ला तापीच्या काठावर आहे. आज तिथे ढासळलेली तटबंदी उरली आहे आणि गावात फारुकी सुलतानांच्या दगडी कबरी आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजाने खानदेशची स्वतंत्र सुलतानी उभी केली ती याच गावातून. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यात होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख कंपनीला देऊन टाकला. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरसमोर आली. किल्लेदार तुळशीराम याने किल्ला खाली केला नाही. तह झालेला असल्यामुळे आता प्रतिकार केलास तर तुला बंडखोर समजले जाईल, असे त्याला कळवण्यात आले होते. दरवाजावर गोंधळ होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले, त्यानंतर आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आले.

माझे लक्ष त्या ५२ दिवसांवर खिळले आहे. ५ जानेवारीला तो माणूस आपल्या धन्याचा इमानी नोकर होता. २७ फेब्रुवारीला तेच इमान राखले म्हणून तो बंडखोर ठरला. मधे जे घडले ते दूर माळव्यात एका कागदावर घडले आणि त्या कागदावर त्याची सही नव्हती. जिंकलेला माणूस म्हणजे काय, हे मला या एका प्रसंगातून जितके कळले तितके मोठमोठ्या ग्रंथांतून कळले नव्हते. पुढे १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत या मोहिमेबद्दल सेनेचे आभार मानण्याचा ठराव आला तेव्हा किल्लेदाराच्या फाशीबद्दल सभासदांनी प्रश्न विचारले होते. विजेत्यांच्या घरातही विवेक जागा होता, एवढे त्यावरून दिसते. मात्र तो प्रश्न थाळनेरच्या कोणाला विचारता आला नसता, कारण विचारण्याची जागाच त्याच्या वाट्याला आलेली नव्हती.

आपले मत काय? विशेषतः ज्यांच्या घरी असे कागद आहेत किंवा ज्यांच्या घरी असे कागद कधीच नव्हते, अशा दोघांनीही लिहावे ही विनंती.

पांझराकाठ

धागा अतिशय आवडला. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो आणि एका मुद्द्यावर मतभेदही नोंदवतो.

सवलत आणि हक्क यांच्यातली रेघ आपण आखता तितकी पक्की नसते, असे मला वाटते. रोमचे उदाहरण घ्या. इटलीतली मित्रराज्ये रोमसाठी लढत होती, सैन्य पुरवत होती, पण त्यांना नागरिकत्व नव्हते. इसवी सनापूर्वी ९१ मध्ये ती उठली आणि युद्ध झाले. युद्ध रोमने जिंकले, तरी नागरिकत्व द्यावे लागले. ते नागरिकत्व दान होते काय? ते लढून मिळवलेले होते, भले कागदावर देणारा रोम असला तरी. पुढे इसवी सन २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व स्वतंत्र माणसांना नागरिक करून टाकले. वारसाकर अधिक लोकांकडून वसूल व्हावा हा त्यामागचा हेतू होता, असे त्याच्याच काळातला इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. हेतू काहीही असो, सीरियातला किंवा आफ्रिकेतला माणूस कायद्याने रोमन झाला. असे पाऊल फ्रेंचांनी १९४६ पर्यंत उचलले नाही. अल्जीरियातल्या मुसलमानाला १८६५ च्या कायद्याने फ्रेंच प्रजा मानले गेले, पण नागरिक व्हायचे असेल तर त्याने आपला धार्मिक व्यक्तिगत कायदा सोडावा अशी अट होती. १८८१ नंतर तर तिथल्या मूळ रहिवाशांसाठी शिक्षांची वेगळी संहिताच लागू झाली. एकाच राज्यात, एकाच गावात, एकाच कृत्याबद्दल दोन माणसांना दोन कायदे होते. म्हणून साम्राज्यासाम्राज्यांत फरक करायला हवा. तो केला नाही तर काराकाल्ला आणि अल्जीरियाचा गव्हर्नर एकाच पंक्तीला बसतील.

दुसरे असे की, साम्राज्य म्हणजे एकच एक मन नसते. स्पेनच्या राजाने १५४२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठी नवे कायदे केले. लास कासास हा धर्मगुरू त्यासाठी अनेक वर्षे झगडत होता. पण ज्यांना जमिनीबरोबर माणसेही वाटून मिळाली होती ते स्पॅनिश वसाहतवाले पेरूमध्ये उठले आणि तीनच वर्षांत राजाला महत्त्वाचे कलम मागे घ्यावे लागले. आपल्याकडे १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाच्या वेळी तेच झाले. हिंदी न्यायाधीशाने युरोपियनाचा खटला चालवावा, एवढीच गोष्ट होती. तिच्याविरुद्ध इथल्या गोऱ्या समाजाने इतके रान उठवले की विधेयकाचे दात काढावे लागले. राजधानीत बसलेल्याला उदार होणे परवडते. ज्याचे रोजचे पोट जिंकलेल्याच्या दबलेपणावर चालते त्याला ते परवडत नाही. हा ताण लक्षात घेतला नाही तर पुष्कळ गोष्टी उलगडत नाहीत.

जाता जाता, बऱ्हाणपूरला गेलात तर तिथल्या जामा मशिदीत थोडा वेळ काढा. फारुकी सुलतान आदिलशाहाने १५९० च्या सुमारास ती बांधली आणि आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला. तिथेच अकबराने असीरगड जिंकल्याचा फारसी लेखही आहे. ज्याने जिंकले त्याने आधीच्याचा लेख पुसला नाही. अशा गोष्टी फार नसतात, म्हणून सांगाव्याशा वाटतात.

मोडीवाचक

धागाकर्त्यांच्या घरच्या कागदांसारखे शेकडो कागद मी वाचले आहेत. इतिहासकार वि. का. राजवाडे धुळ्यातच राहिले, १९२६ च्या अखेरीस इथेच गेले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून इथे उभे आहे. त्यामुळे धुळ्याच्या माणसाला रुमाल सोडायची सवय असते. एका शब्दाकडे लक्ष वेधतो. या कागदांत ‘हक्क’ हा शब्द सतत येतो, पण त्याचा अर्थ आजच्यासारखा नसतो. हक्क म्हणजे पिकातला वाटा: इतक्या पेंढ्या, इतके शेर धान्य, दसऱ्याचा मान, होळीची पोळी. ‘हक्कलवाजिमा’ असा जोडशब्दच आहे. तो वाटा खळ्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर घेतला जाई. सरकार बदलले तरी खळे तिथेच असे, आणि म्हणून गाव साक्षीदार असे.

त्यामुळे सनद दिल्याने हक्क निर्माण होत होता असे नाही. आधीच चालू असलेल्या वहिवाटीवर सनद शिक्का मारत होती. नवा धनी नजराणा घेई तो शिक्क्याचा. इंग्रजांनी हे उलटे केले. १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याच्याकडे समाधानकारक कागद नाही त्याचे इनाम खालसा, असा प्रकार सुरू झाला. गावाची साक्ष मागे पडली आणि कागद पुढे आला. वाळवीने खाल्लेल्या त्या दोन कागदांची किंमत तेव्हा काय झाली असती, याचा विचार करून पाहा.

सातपुड्याची लेक

‘ज्यांच्या घरी असे कागद कधीच नव्हते’ त्यांच्या वतीने लिहिते. मी भिल्ल समाजातली आहे, धडगाव भागातल्या गावांत वनदाव्यांच्या, म्हणजे वनजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यांच्या, कामात मदत करते.

मोडीवाचक सरांनी खळ्यावरच्या वाट्याबद्दल लिहिले आहे. आमच्या नाईकांचेही असेच हक्क होते. घाटवाटा राखायच्या, गावाची जागल करायची, आणि त्याबद्दल गावांकडून ठरलेला वाटा घ्यायचा. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज आणि त्याच्यामागून आलेल्या अधिकाऱ्यांनी हे हक्क मोजले आणि त्यांच्या बदल्यात सरकारी खजिन्यातून रोख नेमणुका बांधून दिल्या. हे अधिकारी त्यांच्या दृष्टीने चांगलेच वागले. भिल्लांना वस्तीसाठी जमिनी दिल्या, बैलांसाठी आणि बियाण्यासाठी तगाई दिली. १८२५ पासून आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि ज्या हातांत तीरकमठा होता त्यांत बंदूक दिली. हे सगळे पुस्तकांत कौतुकाने लिहिलेले असते आणि त्यातले बरेच खरे आहे. पण नाईक आपला वाटा गावातून स्वतः घेत होता तेव्हा गाव आणि नाईक यांच्यात एक नाते होते, भांडणाचे का होईना. कचेरीत अंगठा उठवून पैसे घेऊ लागला तेव्हा तो नेमणूकदार झाला. ज्याची नेमणूक असते ती बंदही होते. धागाकर्ते दादांचा मुद्दा मला इथे तंतोतंत पटतो.

खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा सरकारी नोकरच होता. १८५७ मध्ये तो उठला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली, त्यात आमची माणसे लढताना पडली, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या, बाया आणि पोरे कैद झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा निघाला. आपल्या पूर्वजांकडून आलेल्या जमिनीबद्दल इथल्या लोकांना वाटणारी माया आम्ही जाणतो आणि तिचा मान राखू, असे आश्वासन त्यात आहे. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. अंबापाणी होऊन सात महिनेही झालेले नव्हते.

आणि त्या आश्वासनानंतर बरोबर वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, जंगलाचा कायदा आला. त्या कायद्याचे काम कसे चालायचे ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. सरकारने एखादे जंगल राखीव करायचे ठरवले की जाहीरनामा निघायचा. ज्यांचे तिथे हक्क असतील त्यांनी ठरलेल्या मुदतीत अधिकाऱ्यापुढे येऊन सांगायचे. ही मुदत निदान तीन महिन्यांची असे. त्या मुदतीत जो आला नाही त्याचा हक्क संपला. डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, मराठीही धड न बोलणाऱ्या माणसाला तो जाहीरनामा कुठे आणि कसा कळणार होता? कायदा करताना बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने मांडलेली भूमिका अशी की, राजाने स्पष्टपणे दिलेले नसेल तर रानातला वापर हा हक्क नसून केवळ सवलत आहे. मद्रास सरकारने या विधेयकाला विरोध केला होता, गावांचे जंगलावर हक्क आहेत असे म्हटले होते. तो विरोध बाजूला पडला. म्हणजे हा धागा ज्या दोन शब्दांवर उभा आहे, त्याच दोन शब्दांवर आमचे रान गेले.

काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली ही मेवासी संस्थाने आणि अक्राणी महाल यांना १९३५ च्या कायद्यात ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ म्हटले होते. नेहमीचे कायदे तिथे जसेच्या तसे लागू करायचे नाहीत, गव्हर्नरने पाहायचे. आदिवासींचे रक्षण हा त्यामागचा हेतू सांगितला जाई आणि सावकारापासून काही प्रमाणात रक्षण झालेही असेल. परंतु रक्षण कशापासून हवे आणि कशापासून नको, हे आम्हाला कोणी विचारले नव्हते. काठीच्या होळीला हजारो माणसे जमतात, रात्रभर ढोल वाजतो. तिथे आलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो राजा, डोंगर, देव आणि जमीन यांचा हिशोब तोंडपाठ सांगेल. तो हिशोब कोणत्याच कचेरीत नोंदलेला नाही.

जामनेरचा वाचक

चर्चा मोलाची चालली आहे. मात्र आपण मुघल, इंग्रज, रोमन, स्पॅनिश सगळ्यांबद्दल बोललो आणि मराठी सत्तेबद्दल धागाकर्त्यांच्या कागदापलीकडे काहीच बोललो नाही. हे मला सलते. मी शिवभक्त आहे, आणि म्हणूनच हे आपणच बोलायला हवे असे मानतो.

१८०४ च्या सुमारास पेशव्यांचा खानदेश-बागलाणचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना बोलणीसाठी कोपरगावला बोलावले आणि विश्वासघात करून पकडून विहिरींत टाकले, असे इंग्रजी गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. त्यातला आकडा हजारांत आहे. आकडा इंग्रजांनी फुगवला असेल असे मानले तरी प्रकार शिल्लक राहतो. त्याच काळात होळकर-शिंद्यांच्या लढायांत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात खानदेश ओसाड पडला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल इजाऱ्याने दिले जात होते. ज्याने जास्त बोली लावली त्याने रयतेकडून जमेल तितके काढावे, असा तो व्यवहार होता. त्या वेळी खानदेशातल्या कुणब्याला किंवा भिल्लाला पुण्याचा धनी आपला वाटत असेल काय? भाषा एक असली आणि देव एक असले तरी वसुलीला आलेला स्वार हा वसुलीचा स्वारच असतो.

आणखी एक स्थानिक गोष्ट. इंग्रज अमलात १८५२ च्या डिसेंबरात यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात जमीनमोजणीविरुद्ध शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला होता. सारा वाढेल ही भीती होती. सैन्य आणून तो मोडण्यात आला आणि पुढाऱ्यांना पकडले गेले. ज्या फैजपुरात हे घडले तिथेच १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले, आणि तिथे शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम आणि लोकांनी निवडलेल्या घटना समितीची मागणी, दोन्ही पुढे आली. ८४ वर्षांत त्याच मातीत ‘सारा वाढवू नका’ पासून ‘कायदा आम्ही करू’ इथपर्यंत माणसे पोहोचली. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे कुठेतरी दिसते.

थाळनेरवाट

सर्वांचे मनापासून आभार. दोन-तीन गोष्टींवर लिहितो.

पांझराकाठ सर, रोमबद्दलची दुरुस्ती मान्य. लढून मिळवलेले नागरिकत्व आणि करवसुलीसाठी वाटलेले नागरिकत्व यांत फरक आहे आणि तो मी केला नव्हता. मात्र २१२ नंतरही रोममध्ये प्रतिष्ठित आणि सामान्य असे दोन वर्ग कायद्यात राहिले आणि एकाच गुन्ह्याला दोघांना वेगळ्या शिक्षा होत. सर्वांना नागरिक केल्यावर नागरिक या शब्दातले संरक्षणच पातळ झाले, असे तिथे झालेले दिसते. तेव्हा काराकाल्लाला अल्जीरियाच्या गव्हर्नरच्या पंक्तीला बसवणार नाही, पण फार वरच्या पाटावरही बसवणार नाही.

मोडीवाचकांनी माझा पायाच थोडा हलवला आहे आणि ते बरे झाले. सनदेआधी वहिवाट होती आणि वहिवाटीला गाव साक्षी होते, हे मी लक्षात घेतले नव्हते. म्हणजे प्रश्न असा मांडायला हवा होता: साम्राज्य आले की साक्षीदार कोण बदलतो? खळ्यावरचे गाव जाऊन कचेरीतला कारकून येतो. हक्क तोच राहिला तरी तो सिद्ध करण्याची जागा आपल्या हातून जाते, आणि माझ्या मते जिंकले जाणे म्हणतात ते यालाच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हे टोकाला नेले. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि आमच्याकडच्या पारधी कुटुंबांच्या आठवणीत पोलिसांपुढे द्यायची ‘हजेरी’ हा शब्द त्यातूनच राहिला आहे. तिथे माणूस निर्दोष आहे याची साक्ष कोणीच देऊ शकत नव्हते, कारण दोष जन्मानेच लावलेला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे ती माणसे जिंकलेलीच राहिली.

जामनेरच्या वाचकांनी कोपरगावचा विषय काढला. माझ्या घरातला पहिला कागद त्याच राजवटीचा आहे आणि त्यात आमच्या वतनाला मान दिलेला आहे. ज्या हाताने आम्हाला सनद दिली त्याच राजवटीच्या हाताने शेजारच्या माणसाला विहिरीत टाकले, हे मला आजवर एका ओळीत ठेवून पाहता आलेले नव्हते. आमच्या गावात भिल्लवस्ती आहे. जागल्याचे काम त्यांच्याकडे होते, हे वडील सांगत. आमच्या रुमालात त्यांचे नाव एकदाही नाही. सातपुड्याची लेक या ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर मी तिन्ही कागदांची वाचने पुन्हा काढून पाहिली, आणि खरोखरच नाही.

नंदुरबारकर

लिहिण्यासारखे फार नाही. फक्त एवढेच की, ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या गावात पोलिसांच्या गोळीबारात जी पाच मुले गेली, त्यांतला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. मिरवणुकीत घोषणा गुजरातीत होत्या: ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं’. मराठी मुलुखात, गुजराती घोषणा, समोर बंदुका. झेंडा घेऊन रस्त्याने चालणे हा हक्क की सवलत, हे त्या मुलांनी कोणाला विचारले नाही. आज त्या चौकातून जाताना पाय आपोआप थांबतो.

ताईंना एक विचारायचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तरी साक्षीदार बदलला का?

सातपुड्याची लेक

बदलला, निदान कायद्यात तरी. आता दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. गावची वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते, म्हाताऱ्या माणसांचे जबाब पुरावा म्हणून चालतात. झाड, विहीर, बांध, देवाची जागा, जुनी कबर हे सगळे पुरावा म्हणून नोंदवता येते. मोडीवाचक सरांचे खळे काही अंशी परत आले, असे मी म्हणेन. अडचण पुढे येते. ग्रामसभेने मान्य केलेला दावा वरच्या कचेरीत जातो आणि तिथे कित्येक वेळा एकच शेरा पडतो: कागदोपत्री पुरावा नाही. आमच्याच एका पाड्यातले दावे या शेऱ्यानिशी परत आले होते. कायद्यात कागदाशिवायचा पुरावा चालतो, हे त्या कचेरीला आम्ही कायद्याचे पुस्तक उघडून दाखवले तेव्हा ते पुन्हा तपासायला घेतले गेले.

१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवावे लागते. सातबारा नाही, सनद नाही, फाळणीपत्रक नाही. मग एके दिवशी एका आजोबांनी घराच्या आढ्याला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दंडाच्या पावत्या होत्या. रानात नांगर घातला म्हणून वेळोवेळी भरलेला दंड. त्यांना वाचता येत नाही, पण सरकारी कागद टाकायचा नसतो एवढे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी धुरात काळवंडलेल्या त्या पावत्या तीस वर्षे जपल्या होत्या. त्यांवर तारीख आहे, गावाचे नाव आहे, आणि गुन्ह्याच्या रकान्यात ‘अवैध शेती’ असे लिहिलेले आहे. या जमिनीवर ते तेव्हा शेती करत होते, असे सांगणारा सरकारी शिक्क्याचा दुसरा कागद त्यांच्याकडे नाही.

त्यांनी मला विचारले, ‘बाई, हे दाखवलं तर पुन्हा दंड तर नाही ना घेणार?’ मी नाही म्हटले. आम्ही त्या पावत्यांच्या छायाप्रती काढल्या आणि दाव्याला जोडल्या. मूळ पावत्या त्यांनी पुन्हा त्याच पिशवीत घालून आढ्याला खोचून ठेवल्या आहेत.